आमदारांनी आणलेले कोटी अडकतात कुठे? अधिवेशनातला पैसा खान्देशातल्या रस्त्यावर येईपर्यंत

अधिवेशन संपलं की आठवडाभरात फाट्यावर बॅनर लागतं. "आपल्या गावाच्या रस्त्यासाठी दोन कोटी मंजूर, भाऊंचे मनःपूर्वक आभार", वर चार मोठे फोटो, खाली पंचवीस छोटे, आणि त्याच बॅनरखालून जाताना आपली मोटरसायकल खड्ड्यात आदळते. मग पारावर कोणीतरी विचारतंच, "नाना, पैसा तं मंजूर व्हयना, मंग रस्ता कव्हय व्हई?" (पैसा तर मंजूर झाला, मग रस्ता कधी होईल?) नानांना माहीत नसतं, सरपंचालाही बऱ्याचदा नसतं, आणि आमदारांच्या पीएला फोन केला तर "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच कळतं. ही प्रोसेस म्हणजे नेमकं काय, पैसा कुठून निघतो, कुठे थांबतो आणि आपल्या तीन जिल्ह्यांच्या, म्हणजे जळगाव-धुळे-नंदुरबारच्या वाट्याला कमी का येतो, ते जरा निवांत बघू.

बजेट तर मार्चमध्ये असतं, मग डिसेंबरात कसले पैसे?

राज्याचं बजेट मार्चच्या सुमारास मुंबईत मांडतात. विधिमंडळाने हो म्हटल्याशिवाय सरकारला तिजोरीतून एक रुपया काढता येत नाही, म्हणून प्रत्येक खातं सभागृहापुढे मागणी ठेवतं, बांधकाम खात्याची वेगळी, जलसंपदाची वेगळी, ग्रामविकासची वेगळी. वर्षाच्या मधेच पैसा कमी पडला किंवा नवं काम घुसवायचं असलं की पावसाळी अधिवेशनात मुंबईत आणि हिवाळी अधिवेशनात नागपूरला वरचे पैसे मागतात, त्यांना पुरवणी मागण्या म्हणतात. पेपरात "हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या" अशी बातमी येते ती हीच, आणि आपल्या गावाच्या रस्त्याचं नाव बहुतेक वेळा या पुरवणीतच आलेलं असतं.

आता हे डिसेंबरात आलं तर काय होतं बघा. कागद फिरून मान्यता मिळेपर्यंत फेब्रुवारी, मधेच एखादी आचारसंहिता लागली तर महिना-दीड महिना तसाच गेला, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. साधारण नियम असा की त्या वर्षाचा पैसा त्या वर्षात खर्च झाला नाही तर तो परत जातो. झेडपीला खर्चायला दोन वर्षं मिळतात तो वेगळा विषय, तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या ऑफिसांत रात्री बारापर्यंत लाईट का चालू असतात ते यातून कळतं. आणि एप्रिल-मे गेला की जूनमध्ये पाऊस, पावसात डांबर टाकता येत नाही, म्हणजे काम थेट दिवाळीनंतर. इथपर्यंत कोणी पैसे खाल्लेले नाहीत, कोणी आळसही केलेला नाही, आणि तरी वर्ष गेलं!

पंचवीस-पंधरा, तीस-चोपन्न, पन्नास-चोपन्न

कोणत्याही ठेकेदाराच्या शेजारी चहा प्यायला बसा, हे आकडे ऐकू येतील. ही लेखाशीर्षं आहेत, म्हणजे सरकारी हिशोबातल्या कप्प्यांचे नंबर. २५१५ हा ग्रामविकासचा कप्पा, गावातल्या मूलभूत सुविधा, अंतर्गत रस्ते, सभामंडप, स्मशानभूमीचं शेड, पेव्हर ब्लॉक ही कामं यातून होतात आणि लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं म्हणून यांची यादीच लागते. ३०५४ म्हणजे रस्त्यांची देखभाल-दुरुस्ती, ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च, म्हणजे नवीन किंवा मोठं काम.

आपल्याला याचं काय? तर कप्पा कळला की कामाची कुवत कळते. ३०५४ मधून आलेल्या पैशात खड्डे बुजतील, फार तर वरचा थर बसेल, पण पुराच्या पाण्याखाली जाणारा फरशी पूल उंच होणार नाही. बॅनरवर दोन्हींना "रस्त्यासाठी निधी" असंच लिहिलेलं असतं.

शिवाय रस्ता कोणाचा हेही बघावं लागतं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग हे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग (इंजिनिअर लोक यांना इजिमा आणि ग्रामा म्हणतात) हे झेडपीकडे. गावातून तालुक्याला जाताना एकाच बारा किलोमीटरमध्ये तीन वेळा मालक बदलतो, म्हणून मधेच दोन किलोमीटर गुळगुळीत, पुढे एकदम दगडगोटे, आणि लोकांना वाटतं ठेकेदाराने अर्ध्यातच सोडला. आणि शेतात जाणारा शिवरस्ता तर यातल्या कशातच बसत नाही, त्याच्यासाठी पाणंद रस्त्यांची वेगळी योजना, तिथे आधी शेजाऱ्याचं अतिक्रमण काढायला तहसीलदाराकडे अर्ज. माझं मत विचाराल तर खान्देशात सगळ्यात जास्त पैसा याच रस्त्यावर लागायला पाहिजे आणि सगळ्यात कमी इथेच लागतो. गावात चांगल्या काँक्रिटवर पुन्हा पेव्हर ब्लॉक बसतात, आणि कापसाची गाडी गुडघाभर चिखलातून डबल ट्रॅक्टर लावून काढावी लागते.

मंजुरी ते बिल

सभागृहात पैसा मंजूर झाल्यावर खातं प्रशासकीय मान्यता देतं, म्हणजे "हे काम करायला आमची हरकत नाही, अंदाजे इतक्या पैशात करा". मग ज्युनिअर इंजिनिअर मोजमाप घेऊन एस्टिमेट करतो, त्याला वरचे साहेब तांत्रिक मान्यता देतात, म्हणजे "हे एवढ्या खडीत, एवढ्या डांबरात बसतं". मग टेंडर. छोटी कामं काम वाटप समितीतून सुशिक्षित बेरोजगार इंजिनिअर, मजूर सोसायट्या आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटली जातात, मोठी ऑनलाइन टेंडरने जातात. मग वर्कऑर्डर, मग काम, मग एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका भरणं, आणि मग बिल.

बॅनर यातल्या पहिल्या पायरीच्याही आधी लागलेलं असतं.

टेंडरमध्ये एक शब्द फार ऐकाल, "बिलो". एस्टिमेट शंभर रुपयांचं, ठेकेदार म्हणतो मी पंच्याहत्तरमध्ये करतो, म्हणजे पंचवीस टक्के बिलो. सरकारचे पैसे वाचले असं वाटतं, पण त्या पंच्याहत्तरमध्ये त्याला नफा काढायचाय, बाकीचं "सगळं" सांभाळायचंय आणि बिल वर्षभर अडकणार हेही त्याला माहीत आहे, मग खडीचा थर पातळ होतो. अलीकडच्या काळात ठेकेदार संघटनांनी थकलेल्या बिलांसाठी राज्यभर आंदोलनं केली ती उगाच नाही, कारण कामांना मान्यता दिली गेली तेवढे पैसेच तिजोरीतून सुटले नाहीत.

मान्यता दहा कामांना, पैसा एकापुरता

खरा घोळ इथे आहे. प्रशासकीय मान्यता म्हणजे परवानगी, आणि तरतूद म्हणजे त्या वर्षी त्या कामासाठी बाजूला ठेवलेला पैसा. वीस कोटींच्या कामाला मान्यता देऊन त्या वर्षी फक्त पन्नास लाख किंवा नुसती नावापुरती टोकन तरतूद ठेवता येते, बजेटमध्ये नाव तर आलं! सगळ्या आमदारांना खूश ठेवायचं असलं की हाच मार्ग सोपा पडतो. शेतात दहा विहिरी एकदम खणायला घेतल्या आणि प्रत्येक पाच परस खणून सोडली तर खोदाई पन्नास परस झाली, मजुरी सगळी गेली आणि पाणी एकीलाही लागलं नाही, तसा हा प्रकार.

रस्त्यात हे खपून जातं, धरणात नाही खपत. अमळनेर तालुक्यातला तापीवरचा पाडळसे प्रकल्प, कागदोपत्री नाव निम्न तापी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी याला मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती सुमारे १४२ कोटी. दरवर्षी थोडे थोडे पैसे मिळत गेले, मजुरी वाढली, सिमेंट-लोखंड वाढलं, भूसंपादनाचा मोबदला वाढला, डिझाईन बदललं, आणि २०२३ च्या सुधारित मान्यतेत आकडा गेला ४,८९० कोटींवर. म्हणजे जवळजवळ चौतीस पट! त्या पहिल्या काही वर्षांत एकदम पैसा दिला असता तर किती वाचले असते याचा हिशोब कोणी करत बसत नाही, कारण न बांधलेल्या धरणाचं नुकसान कुठल्याच खात्यात लिहायला रकाना नाही. ज्यांचं लग्न भूमिपूजनाच्या वेळी झालं त्यांची पोरं आता पुण्यात कंपनीत कामाला आहेत.

धुळ्याच्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते २०१९ च्या फेब्रुवारीत धुळ्याला झालं, त्याला केंद्राची मदत जोडल्यामुळे तुलनेने गती आली. गिरणा खोऱ्यासाठी नार-पार-गिरणा नदीजोडला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ७,०१५ कोटींची मान्यता दिली, नाशिकच्या पश्चिमेकडचं समुद्राला जाणारं पाणी उचलून गिरणेत आणायची ती योजना. चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याकडच्या लोकांनी हे नाव इतकी वर्षं ऐकलंय की आता मान्यतेची बातमी वाचून कोणी पेढे वाटत नाही, दर मार्चला तिच्यापुढे किती रक्कम लिहिली जाते तेवढं बघतात. बरोबरच करतात.

"खान्देशचा अनुशेष" कागदावर दिसत का नाही?

अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा आपण जेवढे मागे आहोत ती तूट. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला, रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य अशा गोष्टी घेऊन जिल्ह्याजिल्ह्याची तूट मोजली आणि ती तेव्हा सुमारे ३,१८६ कोटी भरली. पुढे राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये तीन विकास मंडळं झाली, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. पैशाचं वाटप या तीन भागांत न्याय्य व्हावं हे बघायची जबाबदारी राज्यपालांवर.

आपण कुठे? उर्वरितमध्ये. तिथे आपल्यासोबत पुणे, कोल्हापूर, सांगली, सातारा, नाशिक, ठाणे आणि मुंबईसुद्धा. आता नंदुरबारच्या डोंगरातलं धडगाव आणि पुणे एकाच पोत्यात घालून सरासरी काढली तर ती कशी येणार? उत्तमच येणार. विदर्भ-मराठवाड्याचा आमदार सभागृहात उठून "आमच्या मंडळाचा अनुशेष" म्हणतो तेव्हा त्याच्या मागे कायदा उभा असतो, खान्देशातल्या आमदाराच्या मागे फक्त आवाज. त्या दोन भागांवर अन्याय झाला नाही असं मला म्हणायचं नाही, तिथली दुखणी खरीच आहेत, पण मोजायची पट्टी अशी आखली गेली की आपलं मागासलेपण शेजाऱ्याच्या साखर कारखान्यांमागे झाकलं गेलं. या मंडळांचीही मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा स्थापन करायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तरी आपण उर्वरितच.

"पण आपल्याकडे मंत्री कमी आहेत का?"

हा प्रश्न हमखास येतो आणि रास्त आहे. २०२४ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळ झालं त्यात एकट्या जळगाव जिल्ह्यातून तीन मंत्री, तापी खोऱ्याचं जलसंपदा आणि राज्याचं पाणीपुरवठा खातं दोन्ही आपल्याकडे, वर धुळे जिल्ह्याकडे पणन. मग?

मंत्री असल्याने फरक पडतोच, खोटं कशाला बोला. पण मंत्र्याचा जोर मतदारसंघात उतरतो आणि मतदारसंघातली कामं पाच वर्षांत दिसावी लागतात, म्हणून वेशीवरची कमान आधी आणि तीन तालुक्यांना पाणी देणारा कालवा नंतर. शिवाय खान्देशातल्या आमदारांनी पक्ष विसरून प्रदेश म्हणून एकत्र उभं राहायचं असं क्वचितच घडतं, जळगाववाला धुळ्याचं बोलत नाही आणि नंदुरबारचं कोणीच बोलत नाही.

नंदुरबारची गोष्ट वेगळी आहे

इथे पैसा नाही ही अडचण अर्धीच. आदिवासी उपयोजनेचा पैसा येतो, जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या) आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्के निधीतून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर पैसे मिळतात. आणि तरी अक्कलकुव्यात, धडगावच्या डोंगरात बाळंतीण बाईला बांबूच्या झोळीतून उतरवल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात असतात.

कारण पाडा. इथलं गाव एका जागी नसतं, सात-आठ पाडे डोंगरांवर विखुरलेले, आणि योजना मात्र गाव जोडलं की खूण करून पुढे जाते. गावठाणापर्यंत डांबर आलं, कागदावर गाव जोडलं गेलं, वरचे पाडे तसेच. दुसरं कारण जंगल. मधला तुकडा वनखात्याचा असला की फाईल थांबते आणि "फॉरेस्टची परमिशन नाही" हे सगळ्यात सोयीचं उत्तर होऊन बसतं. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी अशा तेरा प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर वापरता येते, हेक्टरी पंच्याहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नसली तर, आणि त्याला दिल्लीला जावं लागत नाही, उपवनसंरक्षकाच्या पातळीवर काम होतं. मोठ्या घाटरस्त्याला हे पुरणार नाही, पण पाड्याच्या लहान रस्त्यांचं बरंच काम यात बसू शकतं. मात्र ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि तो लिहून द्यायला ग्रामसेवक त्या दिवशी गावात असावा लागतो.

"रस्त्याने पोट भरतं का? आधी मालाला भाव द्या"

भाव पाहिजेच, पण रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचारा भावाचा आणि रस्त्याचा संबंध. घड कापला की घड्याळ सुरू होतं. बागेतून मुख्य रस्त्यापर्यंतच्या दोन किलोमीटरमध्ये ट्रॉली आपटत गेली की फण्यांना मार बसतो, तिथे वरून काही दिसत नाही, दिल्लीला पिकल्यावर काळे डाग उठतात. व्यापाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराचा भाव बोलतो आणि बागेत आल्यावर त्यातून कमी करतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बरं झालं, पण एक्स्पोर्टवाल्याला आधी कोल्ड स्टोरेज लागतं, कोल्ड स्टोरेजला चोवीस तास वीज लागते, आणि आपल्याकडे शेतीची वीज म्हणजे रात्री बारानंतर बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे, जिथे झालं तिथले लोक खूश आहेत.

कापसाचंही तसंच. जिनिंग आपल्याकडे आहेत, पण गाठ बांधून झाली की पुढचा सूत-कापडाचा पैसा बहुतेक बाहेरच्या गिरण्या कमावतात. नरडाण्याला एमआयडीसी आहे, नवापूरला टेक्सटाईलचे कारखाने सुरतेच्या जवळ म्हणून आले. सरकार उद्योगाला सवलत देताना तालुक्यांचे गट पाडतं, जितका मागास तालुका तितकी सवलत जास्त. मात्र कारखानदार सवलतीआधी पाणी, वीज आणि रेल्वे बघतो. मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये १८,०३६ कोटींची मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, धुळ्यातून जाणारी. ती झाली तर धुळे-नरडाण्याचं चित्र बदलेल असं मला वाटतं. पण तिथेही आता जमीन संपादन, आणि मग दर वर्षीची तरतूद, वर सांगितलं तेच सगळं.

"सगळा पैसा लाडक्या बहिणीत गेला म्हणून कामं थांबली"

अर्धं खरं आहे. २०२५-२६ च्या बजेटचा आकार सात लाख कोटींचा, त्यात या योजनेला ३६,००० कोटी. म्हणजे एका वर्षात पाच नार-पार! पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज थांबवता येत नाही, दर महिन्याचे पंधराशेही थांबवता येत नाहीत, मग हात जातो तो रस्त्याच्या आणि धरणाच्या पैशावरच, कारण धरण मोर्चा काढत नाही. पण पाडळसे काही २०२४ मध्ये रखडलं नाही, त्याच्या आधीची पंचवीस वर्षं कोणती लाडकी बहीण होती? आणि ते पंधराशे गावातल्याच किराणा दुकानात जातात हेही लक्षात घ्या, ठेकेदाराच्या बिलोपेक्षा ते बरे फिरतात.

मग विचारायचं काय?

पुढच्या वेळी बॅनर दिसलं की आभार माना, काही हरकत नाही, पण तीन गोष्टी विचारा: कोणत्या लेखाशीर्षातून, यावर्षी तरतूद किती, वर्कऑर्डर झाली का. जिल्ह्यातल्या पैशाचा मोठा भाग पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती वाटते, डीपीडीसी म्हणतात ती. तिच्यात झेडपीचे निवडून आलेले सदस्य बसायला पाहिजेत, आणि जळगाव झेडपीवर २०२२ पासून बराच काळ प्रशासक होता, म्हणजे गावाचं बोलणारा माणूस त्या टेबलावर नव्हताच.

काम झालेलं असेल तर रस्त्याच्या सुरुवातीचा फलक वाचा. कामाचं नाव, लांबी, रक्कम, ठेकेदार, आणि शेवटच्या ओळीत दोष दायित्व कालावधी. ही शेवटची ओळ म्हणजे त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. बऱ्याच ठिकाणी नेमकी हीच ओळ खरवडलेली असते किंवा फलकच नसतो. तसं असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, "रस्त्याची माहिती द्या" असं मोघम लिहू नका, एस्टिमेट, वर्कऑर्डर आणि एमबीची झेरॉक्स असं नाव घेऊन मागा. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस असतात. आणि एमबीत खडीचा थर किती सेंटिमीटर लिहिलाय ते बघून एकदा रस्त्याच्या कडेला टिकावाने खणून बघा, जमलं तर ज्युनिअर इंजिनिअरला समोर बोलावूनच.